आक्षेप आणि परिहार : थरारपटाच्या पटकथेवरील अभिप्रायाची भाषा

पटकथेला वाङ्मयप्रकार म्हणावे की नाही, हा वाद मराठीत अद्याप नीटसा सुरूही झालेला नाही. परंतु पूर्ण होण्यापूर्वीच सर्वांत अधिक टीका कोणत्या लेखनावर होते, असे विचारल्यास पटकथेचेच नाव घ्यावे लागेल. कादंबरी छापून झाल्यावर समीक्षकाच्या हाती पडते. नाटकावर तालमीत पुष्कळ संस्कार होतात, तरी संहिता बहुधा नाटककाराचीच राहते. पटकथेविषयी मात्र निर्माता बोलतो, दिग्दर्शक बोलतो, नट बोलतो, पैसा लावणारा बोलतो, शेवटी सेन्सॉर मंडळ बोलते. आणि या बोलण्याने ती प्रत्यक्ष बदलते. म्हणजे येथे टीका ही निर्मितीमागून येणारी गोष्ट नसून निर्मितीचेच एक अंग आहे. असे असता या टीकेची भाषा कशी असते, तिला उत्तर कसे दिले जाते आणि त्या दोहोंच्या स्वरूपाचा कृतीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकानेही हाती घेण्याजोगा आहे.

मारधाडीच्या थरारपटाच्या बाबतीत हा विचार विशेषच टाळला जातो. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि असंख्य मराठी वाचकांना वाचनाची गोडी लावली. त्यांच्या रचनेकडे मात्र मराठी समीक्षेने फारसे गंभीरपणे पाहिले नाही. तेच औदासीन्य मारधाडीच्या चित्रपटाच्याही वाट्याला आले. त्यात विचार करण्यासारखे आहे काय, असे सहज विचारले जाते. वस्तुतः भावकवितेतला एखादा दुवा निसटला तर वाचक तो आपल्या मनाने जोडतो. सामाजिक कादंबरीतल्या पात्राचे वागणे थोडे विसंगत वाटले तर ते स्वभाववैचित्र्य म्हणून खपून जाते. थरारपटात ही सवलत नाही. नायक पुलावरून उडी का टाकतो हे त्या क्षणी पटले नाही, तर पुढची वीस मिनिटे पडद्यावर कितीही गाड्या उलटल्या तरी प्रेक्षक आपल्या खुर्चीत स्वस्थ बसून राहतो. कार्यकारणाचा इतका रोखठोक हिशेब मागणारे कथाप्रकार थोडे आहेत, आणि म्हणूनच अभिप्रायाची खरी कसोटी येथे लागते.

टीकेचे काम कोणते, याची एक नेटकी व्याख्या आपल्या शास्त्रपरंपरेत आहे. मूळ ग्रंथात काय सांगितले आहे, काय सांगावयाचे राहून गेले आहे आणि काय वावगे सांगितले गेले आहे, या तिहींचा विचार करणे हे वार्तिककाराचे काम मानले आहे. उक्त, अनुक्त आणि दुरुक्त अशा तीन शब्दांत ते मांडले जाते. पाणिनीच्या सूत्रांवर कात्यायनाने हे काम केले. पतंजलीने पुढे महाभाष्यात त्या आक्षेपांची छाननी केली. काही मान्य केले, काहींचा परिहार करून मूळ सूत्र जसेच्या तसे राखले. पटकथेवर अभिप्राय देणारा हा एका अर्थाने तिचा वार्तिककारच होय. फरक इतकाच की त्याला बहुधा दुरुक्त तेवढे दिसते : अमुक संवाद कृत्रिम आहे, तमुक मारामारी लांबली आहे. अनुक्त ओळखण्यास अधिक सावध वाचन लागते. आणि उक्ताकडे, म्हणजे लिहिणाऱ्याने प्रत्यक्ष काय सांगितले आहे तिकडे, सर्वांत कमी लक्ष जाते. आपण वाचलेली गोष्ट कोणती, हे अभिप्राय देणाऱ्याने आरंभीच चार वाक्यांत सांगितले तर निम्मे मतभेद तेथेच उघडे पडतील. लेखकाने सूडाची कथा लिहिलेली असते आणि वाचकाने मैत्रीची वाचलेली असते. मग एकाला जे प्राणभूत वाटते तेच दुसऱ्याला काटून टाकण्याजोगे वाटते, आणि दोघेही एकाच दृश्यावर भांडत राहतात.

आता अभिप्रायाच्या भाषेचा विचार. मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ मानतात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. एकच अभिप्राय या चारही रूपांत देता येतो. ‘हे दृश्य काढा’ हा आज्ञार्थ. ‘हे दृश्य काढावे’ हा विध्यर्थ. ‘हे दृश्य आधी आले असते तर भीती वाढली असती’ हा संकेतार्थ. ‘हे दृश्य वाचताना भीती वाटेनाशी होते’ हा स्वार्थ. वरवर पाहता हे केवळ सौजन्याचे कमीअधिक प्रकार वाटतील. पण तसे नाही. प्रत्येक रूप उत्तरासाठी वेगळी जागा ठेवते. आज्ञार्थाला दोनच उत्तरे संभवतात, पालन किंवा नकार, आणि ज्याचे मानधन दुसऱ्याच्या हाती आहे त्याच्यापाशी दुसरे उत्तर क्वचितच असते. विध्यर्थ त्याहून फसवा. ‘काढावे’ असे कोण म्हणतो? वाचक, निर्माता, की नाट्यशास्त्राचा एखादा नियम? वक्ता क्रियापदाच्या आड उभा राहतो आणि आपली आवड शास्त्राच्या नावावर खपवतो. लेखी अभिप्रायांत विध्यर्थाची जी रेलचेल दिसते तिचे कारण नम्रता हे नसून ही सोय हेच असावे. संकेतार्थ उदार आहे, कारण त्यात एक शक्यता पुढे ठेवली जाते आणि ती न घेण्याची मोकळीक असते. परंतु खरी माहिती देतो तो स्वार्थ. वाचक कोठे थांबला, कोठे त्याने पान मागे उलटले, कोणत्या ठिकाणी त्याला खलनायकाचे नाव आठवेना, हे फक्त तोच सांगू शकतो, आणि ते सांगताना तो चुकू शकत नाही. उपाय सांगू लागला की मात्र तो चुकू शकतो, नव्हे बहुधा चुकतोच.

एक साधे उदाहरण घेऊ. पटकथेच्या ऐंशीव्या पानावर एक पोलीस निरीक्षक रात्री भिवंडीच्या एका गोदामात एकटाच शिरतो. आत पाच हत्यारबंद माणसे आहेत हे त्याला ठाऊक आहे. वाचक लिहितो, ‘हा मदत का मागवत नाही?’ आक्षेप रास्त आहे. घाईतला लेखक लगेच एक वाक्य घालतो : ‘वेळ नाही, मी पुढे होतो.’ किंवा निरीक्षकाच्या मोबाइलला रेंज नसते. मोबाइल आल्यापासून थरारपटांत रेंज इतक्या वेळा गेली आहे की आता ती गेली की प्रेक्षकच हसतो. ही दोन्ही उत्तरे आक्षेप बुजवतात, त्याचा परिहार करीत नाहीत. भाष्यकारांच्या परिभाषेत अशा अर्धवट उत्तर देणाऱ्याला एकदेशी म्हणतात. तो शंकेचे तोंड बंद करतो, पण सिद्धान्त त्याच्या हाती नसतो. खरे उत्तर ऐंशीव्या पानावर नसतेच. विसाव्या पानावर निरीक्षकाने एकदा मदत मागवलेली असावी, ती उशिरा पोहोचलेली असावी, आणि त्या उशिरामुळे एका हवालदाराचा जीव गेलेला असावा. पुढे कधीतरी त्याला आपल्याच वरिष्ठाविषयी संशय आलेला असावा. मग तो गोदामाच्या दाराशी खिशातून मोबाइल काढतो, क्षणभर पाहतो आणि परत ठेवतो. एकही शब्द न बोलता ऐंशीव्या पानावरचा आक्षेप नाहीसा होतो. इतकेच नव्हे, तर जो दोष होता तेच दृश्याचे बळ ठरते. आक्षेप जेथे उमटतो तेथे त्याचे कारण नसते, हे थरारपटाच्या बाबतीत जवळजवळ नियमासारखे आहे. म्हणून ‘येथे एक वाक्य घाला’ असे सांगणारा अभिप्राय, जागा अचूक दाखवूनही, लेखकाला चुकीच्या ठिकाणी दुरुस्ती करावयास लावतो.

मराठी संवादांबाबत जाता जाता एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ‘संवाद भाषांतरित वाटतात’ असा शेरा मराठी थरारपटांवर सहज मारला जातो. तो खरा असला तरी लेखकाच्या उपयोगाचा नाही. मराठीत ‘अहो’वरून ‘अरे’वर येणे ही स्वतंत्र कृती आहे, आणि पिस्तूल रोखण्याइतकीच ती परिणामकारक असू शकते. हवालदार आजवर ज्याला ‘साहेब’ म्हणत आला त्याला पहिल्यांदा ‘तू’ म्हणतो, तेव्हा आणखी धमकी कशाला हवी? इंग्रजी थरारपटांच्या सवयीने लिहिणारा लेखक ही संधी गमावतो, आणि ती गमावली हे दाखवणारा अभिप्राय दहा सर्वसाधारण शेऱ्यांपेक्षा मोलाचा.

अभिप्राय देणाऱ्या आणि घेणाऱ्या माणसांचा इतिहास पाहावयाचा तर रेमंड चँडलर या अमेरिकन रहस्यकथाकाराच्या चित्रपटसृष्टीतील अनुभवाइतके बोधक उदाहरण दुसरे सापडणे कठीण. जेम्स केन याच्या कादंबरीवरून ‘डबल इंडेम्निटी’ (१९४४) या चित्रपटाची पटकथा लिहिण्यासाठी त्याला बिली वाइल्डर या दिग्दर्शकाबरोबर बसवण्यात आले. कादंबरीतले संवाद चटपटीत होते आणि वाइल्डरला ते तसेच घ्यावयाचे होते. चँडलरचे म्हणणे असे की ते डोळ्यांसाठी लिहिलेले आहेत, कानांसाठी नव्हे. वाद शब्दांनी मिटला नाही. नट बोलावून कादंबरीतली पाने मोठ्याने वाचून घेण्यात आली, तेव्हा चँडलर बरोबर होता हे सर्वांच्या कानी पडले. पुढे खुद्द केननेही ते मान्य केले. लिखित भाषणाचा भास आणि प्रत्यक्ष भाषण यांतला भेद भाषाशास्त्राला नवीन नाही. पण आक्षेपाची परीक्षा मताने न होता प्रयोगाने झाली, ही गोष्ट महत्त्वाची आहे. आक्षेप असा असावा की तो तपासता यावा.

याच सहकार्यातली दुसरी हकीकत मौजेची आहे. वाइल्डरने पुढे सांगितलेल्या आठवणींनुसार, एके दिवशी चँडलर कामावर आला नाही. त्याऐवजी निर्मात्याकडे तक्रारींची एक यादी आली. त्यांत एक तक्रार अशी होती की वाइल्डरने त्याला खिडकीचे काही करावयास फर्मावले आणि सोबत ‘कृपया’ म्हटले नाही. यादीतल्या इतर तक्रारी हातातल्या छडीच्या व टेलिफोनवरच्या लांबलचक संभाषणांच्या होत्या. या गोष्टी क्षुल्लक म्हणून हसण्यावारी नेल्या जातात, पण त्या तशा नाहीत. चँडलरचे दुखणे आज्ञार्थाचे होते. ज्या खोलीत खिडकीविषयी आज्ञा होते त्याच खोलीत थोड्या वेळाने दृश्याविषयी बोलणे व्हावयाचे असते, आणि ऐकणाऱ्याच्या कानात आधीचे क्रियापद घुमत राहते. वाइल्डरने आपली वागणूक सांभाळली, आणि त्या पटकथेला ऑस्करचे नामांकन मिळाले.

सहा वर्षांनंतरचे प्रकरण याच्या अगदी उलट झाले. पॅट्रिशिया हायस्मिथची ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’ ही कादंबरी १९५० साली प्रसिद्ध झाली आणि आल्फ्रेड हिचकॉकने तिच्यावरील पटकथा चँडलरकडे सोपवली. आगगाडीत भेटलेला एक विक्षिप्त तरुण, ब्रूनो, दुसऱ्याला सुचवतो की आपण एकमेकांसाठी खून करावेत, म्हणजे कोणाचाच हेतू उघड होणार नाही. कादंबरीत दुसरा तरुण, गाय, दडपणाखाली अखेर खून करतो. चित्रपटात तो निर्दोष राहणार होता. येथेच चँडलरची अडचण सुरू झाली. सभ्य मनुष्य अशा कराराला होकार देतो किंवा होकाराचे सोंग करतो, ते कोणत्या कारणाने? चँडलरने कथेची कारणपरंपरा स्वतःसाठी टिपून पाहिली, आणि वरवरचा समंजसपणा व तळाचा वेडेपणा यांचा हा झगडा का करावा लागतो, असा त्याला प्रश्न पडला. १९४४ साली रहस्यकथेवर लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध निबंधात खून हा खऱ्या माणसांनी खऱ्या कारणांसाठी केलेला असावा असा आग्रह धरणाऱ्या लेखकाला दुसरे काही सुचणे शक्यही नव्हते. त्याचा आक्षेप अनुक्ताचा होता आणि तो रास्त होता.

हिचकॉकने त्या पटकथेला दिलेला अभिप्राय कोणता? मौन. ६ डिसेंबर १९५० च्या पत्रात चँडलर लिहितो त्याचा आशय असा की प्रत्यक्ष लेखन सुरू झाल्यापासून त्याला दिग्दर्शकाकडून स्तुतीचा वा निंदेचा एक शब्दही आला नाही. दरम्यान पटकथा चेन्झी ऑर्मंड या लेखिकेकडे गेली होती. नव्या संहितेवर चँडलरने त्याच पत्रात कडक टीका केली : पात्रांना चेहरे उरले नाहीत, आणि संवाद प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात, त्यामुळे नटासाठी किंवा कॅमेऱ्यासाठी काहीच शिल्लक राहत नाही. पुनरुक्तीविषयीचा हा आक्षेप पटकथालेखनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात घालण्याइतका नेमका आहे. पण तो पोहोचला तेव्हा त्याला उत्तर मिळण्याची जागाच उरलेली नव्हती. मौनाला व्याकरणातला कोणताही अर्थ नाही. म्हणून ज्याला ते मिळते तो त्यात चारही अर्थ वाचत बसतो.

तथापि निवाडा सर्वस्वी चँडलरच्या बाजूने देता येत नाही, आणि प्रकरण येथेच खरे अवघड होते. चित्रपटात गाय रात्री पिस्तूल घेऊन ब्रूनोच्या वडिलांच्या घरात शिरतो. तो खून करावयास आला आहे की त्यांना सावध करावयास, हे प्रेक्षकाला नक्की ठाऊक नाही. चँडलरचा प्रश्न येथे उभा राहावयास हवा. नेमके त्याच वेळी जिन्यावर एक प्रचंड कुत्रा उभा दिसतो. प्रेक्षक गायच्या हेतूचा विचार सोडून कुत्र्याकडे पाहू लागतो. कुत्रा गुरगुरतो, आणि मग गायचा हात चाटतो. वर खोलीत वडील नसून ब्रूनोच पलंगावर आहे, हे उलगडेपर्यंत प्रेक्षकाला शंका घ्यावयास सवड मिळत नाही. हिचकॉकने त्रुफोशी झालेल्या मुलाखतीत या कुत्र्याची योजना स्पष्टही केली आहे. चँडलरच्या आक्षेपाला हिचकॉकने पत्राने उत्तर दिले नाही. त्याचे उत्तर जिन्यावर उभे होते.

हिचकॉक शंकांचे दोन वर्ग करीत असे. काही शंका प्रेक्षागृहातच येतात. काही मात्र प्रेक्षक घरी गेल्यावर, रात्री शीतकपाट उघडून थंड कोंबडी काढताना येतात. दुसऱ्या प्रकारच्या शंकेची तो फिकीर करीत नसे. ही वर्गवारी विनोदाने केलेली असली तरी अभिप्रायाच्या शास्त्राला तिचा मोठा उपयोग आहे. पटकथा वाचणारा मनुष्य प्रेक्षकासारखा काळाच्या प्रवाहात नसतो. तो थांबू शकतो, मागे जाऊ शकतो, चहा घेऊन येऊ शकतो. त्यामुळे घरी येणारी शंका त्याला पानावरच येते आणि तिला तो प्रेक्षागृहातल्या शंकेइतकेच वजन देतो. चांगल्या अभिप्रायकाने आपली शंका केव्हा आली हे सांगितले पाहिजे : वाचता वाचता, की दुसऱ्या दिवशी? चँडलरच्या बहुतेक शंका दुसऱ्या दिवशीच्या होत्या. त्या खोट्या नव्हत्या. त्या कादंबरीकाराच्या होत्या, कारण कादंबरीचा वाचकही पुस्तक मिटून विचार करीत बसतो.

दुसऱ्या दिवशीची शंका किती उशिरा येऊ शकते याचे एक उदाहरण ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ (१९८१) या साहसपटाचे आहे. नायक नसता तरी शेवट तोच झाला असता, हा आक्षेप २०१३ साली एका अमेरिकन विनोदी दूरचित्रवाणी मालिकेतील पात्राने उच्चारला आणि मग तो सर्वतोमुखी झाला. चित्रपट येऊन ३२ वर्षे झाली होती! आक्षेपात तथ्य आहे. पण इतकी वर्षे असंख्य प्रेक्षकांना जी शंका चित्रपट पाहताना शिवली नाही, तिला रचनेचा दोष म्हणावे काय? नायक शेवटी खांबाला बांधलेल्या स्थितीत डोळे मिटून घेतो, आणि पाहण्याची हाव धरणारे सारे जळून जातात. न पाहणे हीच त्याची कृती आहे. ती हातापायांची नाही म्हणून हिशेबात धरली जात नाही, इतकेच.

या चित्रपटाची जन्मकथा अभिप्रायाच्या दृष्टीने आणखी एका कारणासाठी पाहण्याजोगी आहे. १९७८ च्या जानेवारीत जॉर्ज लुकस, स्टीव्हन स्पीलबर्ग आणि लेखक लॉरेन्स कॅस्डन हे काही दिवस एकत्र बसले आणि कथेची चर्चा झाली. ती ध्वनिमुद्रित झाली, आणि तिचे शंभराहून अधिक पानांचे टंकलिखित पुढे अभ्यासकांच्या हाती आले. त्यात वर सांगितलेल्या संकेतार्थाचे राज्य आहे : असे झाले तर, तो तेथून पडला तर. एकाने टाकलेली कल्पना दुसरा तोडत नाही, वाढवतो किंवा बाजूस ठेवतो. बाजूस ठेवलेलेही फुकट गेले नाही. खाणीतल्या गाड्यांचा पाठलाग पहिल्या चित्रपटात मावला नाही, तो १९८४ च्या दुसऱ्या चित्रपटात आला. अर्थात येथे लेखणी उचलण्यापूर्वीच अभिप्राय सुरू झाला होता आणि तिघांपैकी कोणाचेही लिहिलेले पान पणाला लागलेले नव्हते. लिहून झालेल्या पानावर इतकी उदार भाषा कितपत टिकते, हा वेगळा प्रश्न आहे.

मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत अभिप्रायाची रीत याहून निराळी. तेथे पटकथा वाचावयास देण्याऐवजी ऐकवण्याची चाल दीर्घकाळ राहिली. तिला ‘नरेशन’ असेच म्हणतात. सांगणारा कुशल असेल तर पाठलागाची गती त्याच्या आवाजातून येते, कथेतली भोके त्याच्या हातवाऱ्यांखाली झाकली जातात आणि ऐकणारा अभिप्राय देतो तो सांगण्यावर. कीर्तनाची परंपरा असलेल्या प्रदेशातल्या माणसाला हे समजावून सांगावयास नको. या रीतीचा लाभही आहे : ऐकणारा मागचे पान उलटू शकत नाही, म्हणजे तो प्रेक्षकाच्या अधिक जवळ असतो. तोटा असा की अभिप्राय जागच्या जागी, सर्वांसमक्ष द्यावा लागतो, आणि तो बहुधा ‘छान’ किंवा ‘जमत नाही’ इतकाच असतो.

याच सृष्टीतल्या ‘शोले’ (१९७५) या चित्रपटाला दोन मोठे आक्षेप सहन करावे लागले. एक पाळला गेला, दुसरा पाळला गेला नाही. सलीम खान व जावेद अख्तर यांनी आधी चार ओळींची कल्पना सांगितली होती : कुटुंबाचे हत्याकांड झालेला एक अधिकारी सूडासाठी दोन गुन्हेगारांना बोलावतो. १५ ऑगस्ट १९७५ रोजी चित्रपट लागला आणि पहिल्या काही दिवसांत प्रतिसाद थंड वाटला. त्याच वर्षीच्या जानेवारीत आलेल्या ‘दीवार’मुळे अमिताभ बच्चन यांचे नाव मोठे झाले होते, तेव्हा जय मरतो हेच लोकांना रुचत नसावे, त्याला जिवंत ठेवणारा शेवट पुन्हा चित्रित करावा, असा विचार निघाला. हा अभिप्राय वरकरणी प्रेक्षकांचा होता, पण प्रेक्षक तसे म्हणाले नव्हते. ते केवळ गप्प होते. रमेश सिप्पी यांनी थोडे दिवस वाट पाहिली आणि बेत सुटला. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो चित्रपट पुढे पाच वर्षे चालला. यशाची गोष्ट बाजूस ठेवली तरी तो आक्षेप रचनेच्या कसोटीवर टिकत नव्हता. जयच्या हातातले नाणे कथेच्या आरंभापासून उडत आले आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच आहेत हे वीरूला कळते ते जयच्या मृत्यूनंतर. जय जगला असता तर ते नाणे उलगडले नसते, आणि आधीचे प्रत्येक उडणे पोरखेळ ठरले असते. एका दृश्यावरचा आक्षेप मान्य केल्याने किती दृश्ये मरतात, हे आधी मोजले पाहिजे.

दुसरा आक्षेप प्रदर्शनापूर्वीचा, सेन्सॉर मंडळाचा. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झालेली होती. मूळ शेवटात हात तोडलेला ठाकूर गब्बरला आपल्या पायांनी मारतो. जेथे त्याचे हात गेले त्याच खांबांपाशी गब्बरचा अंत होतो. निवृत्त झाला तरी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घ्यावा हे मंडळाला मान्य नव्हते. (‘कायदा हातात घेणे’ हा वाक्प्रचार ठाकूरच्या बाबतीत किती क्रूर ठरतो, याचे भान त्या वेळी कोणाला झाले असेल तर नकळे.) हा अभिप्राय आज्ञार्थी होता आणि त्याला एकच उत्तर शक्य होते. शेवट पुन्हा चित्रित झाला. ठाकूर गब्बरला संपवणार इतक्यात पोलीस येतात, कायद्याची आठवण देतात, आणि तो थांबतो.

नीतीविषयीच्या आक्षेपाला रचनेने उत्तर दिले की रचनेतच भोक पडते, ते येथे स्पष्ट दिसते. चित्रपटाच्या प्रारंभी एक अधिकारी आगगाडीने रामगढला येतो तो ठाकूरच्या बोलावण्यावरून. शेवटी येणारे पोलीस कोणाच्या बोलावण्यावरून येतात? त्यांच्या येण्याची तयारी प्रेक्षकाला जाणवेल अशी कोठे झालेली नाही. हाच प्रसंग एखाद्या नवख्या लेखकाने लिहून आणला असता तर कोणत्याही जाणत्या वाचकाने समासात प्रश्नचिन्ह काढले असते. शिवाय उक्ताचे काय? गब्बर जिवंत हवा, ही ठाकूरची अट कथेभर सांगितली गेली आहे. जयने दिलेला शब्द वीरूला पाळावा लागतो तो त्या अटीमुळेच, आणि मित्राच्या मारेकऱ्याला त्याने हातचा सोडावा यातली वेदनाही त्या अटीतूनच येते. जिवंत हवा होता तो तुरुंगासाठी, असे मानावयाचे तर ठाकूरच्या जोड्यांना खिळे कशासाठी?

असे असूनही पाच वर्षे मिनर्व्हात बसलेल्या प्रेक्षकांना पोलिसांचे येणे खटकले असे दिसत नाही. हिचकॉकच्या वर्गवारीप्रमाणे ही शीतकपाटाची शंका ठरेल. परंतु येथे ती वर्गवारी अपुरी पडते. प्रेक्षकाला शंका आली नाही ती पोलीस शेवटी येतातच ही सवय त्याला इतर चित्रपटांनी लावली होती म्हणून. या कथेने त्याला तसे पटवले होते म्हणून नव्हे.

मूळ शेवट काही दृक्फितींतून आधीही पाहावयास मिळत असे. २०२५ साली इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात पुनरुज्जीवित ‘शोले’ दाखवला गेला तो त्या शेवटासह. हस्तलिखितांचे संपादन करणाऱ्यास परिचित अशी स्थिती आता या पटकथेची झाली आहे : दोन पाठ उपलब्ध आहेत, एक अधिक प्रसृत आणि एक अधिक प्राचीन. प्रसृत पाठात ठाकूर कायद्यापुढे थांबतो. प्राचीन पाठात गब्बर मेल्यावर ठाकूर रडतो, आणि त्या रडण्याला थांबवणारे कोणी येत नाही.